फिन मॅकूलला व्हिसा लागला नव्हता

ट्रिपचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला तेव्हा आम्ही सात जण होतो, प्रत्यक्ष निघालो तेव्हा सहा. गळालेला सातवा म्हणजे डब्लिनकर. त्याचं खरं आडनाव वेगळंच आहे पण आता सगळे त्याला डब्लिनकरच म्हणतात आणि तोही ओ देतो. तो आणि मी इंजिनिअरिंगला एका बेंचवर, दोघांनी मास्टर्ससाठी एकदमच अर्ज केले, मला बेलफास्टला मिळालं त्याला डब्लिनला, आणि नकाशा बघून दोन्हीकडच्या आयांनी हुश्श केलं होतं की चला, एकाच बेटावर तर आहेत, बसने दोन-अडीच तासांचं अंतर, पोरं एकमेकांना धरून राहतील. नकाशावर मधे एक बारीक तुटक रेघ होती ती आयांना काय, मलाही दिसली नव्हती.

तर ती रेघ. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आयर्लंड हे बेट एक पण त्यावर देश दोन. 1921 साली बेटाची फाळणी झाली, ईशान्येकडच्या सहा काउंट्या ब्रिटनकडे राहिल्या, ते नॉर्दर्न आयर्लंड, आणि उरलेला सगळा भाग म्हणजे आजचं आयर्लंड, युरोपियन युनियनवालं, युरोवालं. मधली सीमा 500 किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि दोनशेहून जास्त रस्ते ती ओलांडतात. एके काळी तिथे लष्कराच्या चौक्या होत्या, 1998 च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर त्या हळूहळू गेल्या, आता नाका नाही, फाटक नाही, धड पाटीसुद्धा नाही. तिकडून गाडी चालवत आलेले लोक सांगतात की कळतं ते दोनच गोष्टींवरून, वेगमर्यादेच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर येतात आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते. बास. ब्रिटिश आणि आयरिश लोकांना इकडून तिकडे जायला पासपोर्ट दाखवावा लागत नाही.

पण आपण ना ब्रिटिश ना आयरिश. माझा स्टुडंट व्हिसा यूकेचा, त्याचा आयर्लंडचा. मला डब्लिनला जायचं तर वेगळा व्हिसा, त्याला बेलफास्टला यायचं तर वेगळा. आणि यातली चीड आणणारी गंमत अशी की भारतातून टूरिस्ट म्हणून आलात तर एका व्हिसावर दोन्हीकडे फिरता येण्याची स्कीम आहे, विद्यार्थ्यांना ती लागू नाही. म्हणजे आमच्या मावश्या ग्रुप टूरने येऊन दोन्ही देश बघून जाणार आणि आम्ही इथे वर्षभर भाडं भरून राहणारे लोक रेघेच्या अलीकडे नि पलीकडे.

ग्रुपवर यावर दोन दिवस खल झाला. नागपूरवाला म्हणाला, "काऊन बे, कोण पाहून ऱ्हायलं? बशीत बस आन ये." मुद्दा तसा बरोबर होता, बहुतेक वेळा कोणी बघत नाही. पण कधीकधी बस थांबवून कागद बघतात असंही ऐकलेलं, आणि ते कधीकधी नेमकं आपल्याच वाट्याला यायचं. डब्लिनकरने एक व्हॉइस नोट टाकली, त्यात तो फक्त एवढंच म्हणाला की बाबांनी शैक्षणिक कर्ज काढलंय, मी नाही यार रिस्क घेत, तुम्ही जा, फोटो टाका. मग कोणी काही बोललं नाही. एमबीएवाल्याने थम्सअप टाकला, त्याचा मला राग आला होता.

मार्चमधला शनिवार. गाडी भाड्याने घेतली दादाच्या नावावर, कारण पंचवीसच्या आतल्या ड्रायव्हरला कंपन्या जास्तीचे पैसे लावतात आणि आमच्यात पंचविशी ओलांडलेला तो एकटाच, चार वर्षं नोकरी करून आलेला, म्हणून दादा. भारतासारखंच डावीकडून चालवायचं असल्यामुळे त्याला काही वाटलं नाही, वाटलं ते आम्हाला, कारण मागे तिघी चेंगरून, शेवटच्या सीटवर नागपूरवाला आणि एमबीएवाला गुडघे छातीला लावून आणि त्यांच्या मांडीवर राइस कुकरमधला अख्खा मसालेभात, डब्यात नाही, कुकरचंच भांडं काढून आणलेलं, वर ताट आणि ताटाला सेलोटेप. सिव्हिलवालीचं म्हणणं होतं की डबे धुवायचा त्रास वाचतो.

बेलफास्टहून लार्नपर्यंत काही विशेष नाही. लार्न सोडलं की मात्र रस्ता एकदम समुद्राच्या कुशीत शिरतो आणि मग पुढे कितीतरी मैल उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला कडा, मधे जेमतेम दोन गाड्यांचा रस्ता. हा अँट्रिम कोस्ट रोड, 1832 ते 1842 या दहा वर्षांत बांधलेला, विल्यम बॉल्ड नावाच्या इंजिनिअरने. सिव्हिलवाली त्याच्यावर फिदा होती. त्याच्या आधीच्या लोकांचा विचार होता की कड्याच्या वरून चढउतार करत रस्ता न्यायचा, बॉल्ड म्हणाला कडाच सुरुंगाने फोडू, दगड खाली किनाऱ्यावर पडतील, तोच भराव होईल आणि त्यावरून रस्ता. "म्हणजे कटिंग आणि फिलिंग एकदमच," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो आदर होता तो तिने आमच्यापैकी कोणाबद्दल कधी दाखवलेला नाही.

हे दगड बघण्यासारखे आहेत बरं का. खाली पांढराशुभ्र चुनखडीचा थर आणि त्याच्यावर काळाकुट्ट बेसॉल्ट, मधे काही हातचं राखून ठेवलेलं नाही, पांढऱ्यावर एकदम काळा, पाटीवर खडूने लिहायच्या उलट. काही ठिकाणी वरचा काळा घसरून पांढऱ्यावर येऊन पडलाय.

या भागाला ग्लेन्स ऑफ अँट्रिम म्हणतात, ग्लेन म्हणजे खोरं, अशी नऊ खोरी डोंगरातून समुद्राकडे उतरतात. रस्ता व्हायच्या आधी इथल्या माणसांना बेलफास्टकडे जाण्यापेक्षा होडीत बसून समोर स्कॉटलंडला जाणं सोपं पडायचं. मला हे वाचून खरं वाटलं नव्हतं, टॉर हेडला पोचल्यावर वाटलं. टॉर हेड म्हणजे समुद्रात घुसलेलं एक टेकाड, वर तटरक्षकांच्या जुन्या ठाण्याचे पडके अवशेष. तिथे जाणारा रस्ता इतका अरुंद आणि उभा की समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा दादाने देवाचं नाव घेतलं आणि एमबीएवाल्याने मसालेभात मिठीत घेतला. वर पोचलो, हवा स्वच्छ होती, आणि समोर स्कॉटलंड. धूसर निळी आकृती वगैरे नाही, चक्क स्कॉटलंड, उन्हात उजळलेले उतार दिसत होते. मल ऑफ किंटायर हे टोक इथून 20 किलोमीटरच्या आसपास आहे. इकडचे लोक पूर्वी या टेकाडावर जाळ करून पलीकडच्या नातेवाइकांना खुणा करायचे म्हणे.

मी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, स्कॉटलंड. डब्लिनकरचा लगेच रिप्लाय, "तिकडे जायला व्हिसा लागतो का तुला?"

नाही लागत. स्कॉटलंड यूकेमध्येच. समुद्रापलीकडच्या डोंगरावर मी उद्या उठून जाऊ शकते आणि बसने अडीच तासांवर असलेल्या मित्राकडे जाऊ शकत नाही. मी त्याला एक हसणारा स्मायली टाकला, दुसरं काय टाकणार.

रात्री बॅलीकॅसलला हॉस्टेल घेतलं होतं, सहा बंकची खोली, रेडिएटरवर सगळ्यांचे मोजे. संध्याकाळी गावात फिरताना दुकानात डल्स दिसलं, हे वाळवलेलं समुद्री शेवाळ असतं, जांभळट काळं, इथले लोक चिप्ससारखं येताजाता खातात. नागपूरवाल्याने पाकीट घेतलं, एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावत राहिला, मग म्हणाला चपलेला मीठ लावून खाल्ल्यासारखं वाटून ऱ्हायलं. पण पाकीट त्यानेच संपवलं. त्याच्याबरोबर यलोमॅन नावाची पिवळीधमक जाळीदार टॉफी विकतात, ती इतकी कडक की हातोडीने फोडतात, ती मात्र सगळ्यांनी खाल्ली आणि दातांना चिकटल्यामुळे तासभर कोणी भांडलं नाही.

बंदरावर मार्कोनीचं एक स्मारक आहे. 1898 मध्ये मार्कोनीच्या माणसांनी इथून समोरच्या रॅथलिन बेटापर्यंत बिनतारी संदेश पाठवले होते, पाण्यावरून साधारण 10 किलोमीटर. लॉइड्स या विमावाल्यांना जाणाऱ्या जहाजांच्या बातम्या पटकन लंडनला कळवायच्या होत्या आणि बेटावर तार नव्हती म्हणून हा खटाटोप. आम्ही त्या दगडाजवळ उभे असतानाच डब्लिनकरचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, मीपण ट्रिपला आलोय. त्याच्या घरातले दोघं डोनेगलला निघाले होते, हा पण गाडीत बसला. आता डोनेगल कुठे, तर बेटाच्या पार वायव्य टोकाला, आयर्लंडमध्येच, पण डब्लिनहून तिथे जायचा सरळ रस्ता ओमा, स्ट्रबेन असा नॉर्दर्न आयर्लंडच्या पोटातून जातो. म्हणजे आयर्लंडमधून आयर्लंडमध्ये जायला यूकेचा व्हिसा! म्हणून हे लोक स्लायगोवरून मोठा वळसा घालून गेले होते. तो सांगत होता आणि मागे त्याचे रूममेट ओरडत होते की याच्यामुळे तासाभराने उशीर झाला.

नकाशा सिव्हिलवालीनेच उघडला. बोट फिरवत फिरवत एकदम थांबली. "अगं हे बघ," म्हणाली. आमच्या किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला मॅगिलिगन पॉइंट, आणि तिथून अरुंद पाण्यापलीकडे ग्रीनकॅसल, ते डोनेगलमध्ये. मधे लॉख फॉयल नावाच्या खाडीचं तोंड, रुंदी एक-दीड किलोमीटर. फोनवर पलीकडून कोणीतरी म्हणालं उद्या चार वाजता, आणि ठरलं.

रविवारी वारा सुटला. कॅरिक-अ-रीडचा दोरीचा पूल वाऱ्यामुळे बंद होता. सामन मासा धरणाऱ्या कोळ्यांनी बेटावर जाळी लावायला जायला बांधला होता पहिल्यांदा, अडीचशे वर्षांपूर्वी, आता मासे संपले आणि टूरिस्ट आले. बंद फाटकासमोर सेल्फी काढून निघालो. एमबीएवाला एकटाच खूश होता, त्याला उंचीची भीती वाटते हे तेव्हा कळलं.

आता जायंट्स कॉजवे. याचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात, त्यामुळे मी फारशी अपेक्षा न ठेवता गेले होते. दगड बघायला पैसे पडत नाहीत, गाडी लावायला आणि म्युझियमवजा सेंटरला पडतात, त्यामुळे आमच्यासारख्यांनी काय केलं असेल ते समजून घ्या, लांब गाडी लावून वाऱ्यात अर्धा तास चाललो. उतार उतरून वळणावर आलं की खाली समुद्रात शिरलेली ती जीभ दिसते आणि पहिल्यांदा खरंच वाटतं की कोणीतरी बसून हे फरसबंदीचं काम केलंय. साधारण 40,000 खांब. बहुतेक षटकोनी, पण सगळे नाहीत, काही पाचकोनी, काही सात, शोधलं तर चार आणि आठही सापडतात. आम्ही शोधत बसलो. मला सात सापडला, चार कोणालाच नाही.

सिव्हिलवालीने सांगितलं ते असं, की 6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, जाड थर साचला, तो सावकाश थंड होताना आकसला, आणि आकसला की तडे जाणारच, तळ्यातला गाळ सुकला की जशा भेगा पडतात तसेच, फक्त इथे ते वरून खाली खोल गेले आणि खांब झाले. खांबांचे पण आडवे तुकडे पडलेत, एकावर एक वाट्या ठेवाव्यात तसे, वरचा भाग कधी खोलगट कधी फुगीर. खोलगट ठिकाणी समुद्राचं पाणी साचून राहतं, त्यात मी बोट घातलं, खारट बर्फ.

आणि मग वर कड्याकडे बघितलं तर काळ्या कातळाच्या दोन थरांच्या मधे एक लाल पट्टा. विटकरी लाल. मी आणि दादा एकदमच म्हणालो, जांभा! सिव्हिलवालीने वाचून खात्री केली, खरंच जांभाच, लॅटेराइट. लाव्ह्याच्या दोन लोटांच्या मधे लाखो वर्षांची विश्रांती मिळाली, तेव्हा इथली हवा उष्ण आणि दमट होती, वरचा कातळ सडून त्यातलं लोखंड उरलं नि गंजून लाल झालं, त्यावर परत लाव्हा आला. उष्ण आणि दमट, हे शब्द त्या ठिकाणी चार थर कपडे घालून दात वाजवत ऐकताना कसं वाटतं ते तिथे जाऊनच बघा. जन्मभर गड चढले, पायाखाली हाच काळा कातळ, कोकणात गेलं की हाच लाल जांभा, कधी खाली वाकून बघितलं नाही, आणि इथे येऊन मी दगडाचे कोन मोजत होते. दादा म्हणाला असतंच तसं. काय असतं तसं, ते त्याने सांगितलं नाही.

लोक खांबांच्या फटीत नाणी खोचतात. जवळून बघितलं तर किळसच येते, प्रत्येक फटीत गंजकी वर्तुळं, काही इतकी आत ठोकलेली की दगडाने बसवली असावीत. पेनी होते, युरोचे सेंट होते, पुष्कळशी कुठली ते ओळखूही येत नव्हतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत नाणं गंजतं, गंजलं की फुगतं, फुगलं की दगडाचा टवका उडतो आणि गंजाचे ओघळ दगडावर उतरतात. 6 कोटी वर्षं टिकलेल्या खांबाला दोन पेनीचं नाणं फोडतं. आमच्या तिघींमधल्या तिसरीच्या पर्समध्ये एक रुपया निघाला आणि ती खोचणार एवढ्यात तिथल्या एका काकांनी लांबूनच मान हलवली, नाही म्हणून. तिने तो परत आत टाकला, इतकी ओशाळली की पुढचा तासभर जगाला सॉरी म्हणत होती.

या जागेची गोष्ट म्हणजे फिन मॅकूलची. फिन हा आयरिश राक्षस, राक्षस म्हणजे आडदांड वीर म्हणा. समोर स्कॉटलंडचा बेनानडोनर त्याला आव्हान देत होता, याने भांडायला जायचं म्हणून समुद्रात दगड रचून रस्ताच बांधला. पण जवळ जाऊन बघतो तर समोरचा याच्या दुप्पट, हा तसाच मागे पळत घरी आला. बायको हुशार, उना नाव तिचं, तिने नवऱ्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात झोपवला. बेनानडोनर दारात आला, तिने बोट तोंडावर ठेवलं, शू, बाळ झोपलंय. बाळाचा आकार बघून त्याने हिशेब केला की बाळ एवढं तर बाप केवढा असेल, आणि धूम ठोकली, जाताना रस्ता उखडत गेला म्हणजे हा मागून येऊ नये. म्हणून इकडे एक टोक उरलं, आणि तिकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर असेच खांब आहेत, ते दुसरं टोक. मला यात उनाच आवडते. बाकी दोघं नुसते पळालेत.

पण मला सापडलेली खरी मजा पुढे आहे. फिनचं घर कुठे होतं तर गोष्टींमध्ये ते किल्डेअरमधल्या हिल ऑफ ॲलनवर. किल्डेअर डब्लिनला लागून. म्हणजे हा गृहस्थ आजच्या आयर्लंडमधून निघाला, रेघ ओलांडून अँट्रिमला आला, तिथून समुद्र ओलांडून स्कॉटलंड, आणि परत. मी हे तिथल्या खांबावर बसूनच डब्लिनकरला लिहिलं. त्याचं उत्तर, "त्याचं एज्युकेशन लोन नव्हतं."

त्याच खडकांपाशी थोडं पुढे लाकाडा पॉइंट आहे, तिथे 1588 च्या ऑक्टोबरात स्पॅनिश आरमाराचं जिरोना हे जहाज फुटलं. इंग्लंडवर चालून गेलेलं आरमार वाताहत होऊन वरून वळसा घालून परत जात होतं, जिरोनाने डोनेगलमधल्या किलिबेग्सला दुरुस्ती केली, आधीच फुटलेल्या जहाजांवरची माणसंही चढवून घेतली आणि घरी जायच्या ऐवजी स्कॉटलंड गाठायचं ठरवलं, तेच जवळ म्हणून. जवळजवळ 1300 माणसं होती, वाचले मोजके. 1967 मध्ये समुद्रात बुडी मारून शोधणाऱ्यांना अवशेष सापडले, त्यातलं सोनं बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. तिथे माणकं जडवलेली सोन्याची एक छोटीशी सरड्यासारखी आकृती आहे, बोटाच्या पेराएवढी. मी ती आधी तीन वेळा बघितली होती, म्युझियमला तिकीट नाही आणि आत हीटिंग आहे. ती नेमकी या काळ्या पाण्यातून वर आली हे मात्र इथे उभं राहिल्यावर डोक्यात शिरलं, आणि मग कोणी फोटोसाठी हाक मारली तर मला हसता येईना.

डनलूसचा किल्ला आम्ही रस्त्यावरूनच बघितला. पोर्ट्रशला चिप्स खाल्ले, सीगलने एमबीएवाल्याचे पळवले. उरलेला मसालेभात गाडीतच संपवला, ताटाची सेलोटेप अजून तिथेच आहे बहुतेक. डाउनहिलला कड्याच्या टोकावर एक घुमटाकार इमारत आहे, मसेन्डन टेंपल, 1785 ची, एका श्रीमंत बिशपने फक्त पुस्तकं ठेवायला बांधलेली. तिथून पश्चिमेला डोनेगलचे डोंगर लांबवर पसरलेले दिसतात आणि गोंधळ होतो, कारण ते डोंगर आपल्याहून उत्तरेला जातात. आयर्लंड बेटाचं सगळ्यात उत्तरेचं टोक मॅलिन हेड, ते डोनेगलमध्ये, म्हणजे बोलीभाषेत 'साउथ'मध्ये. साउथ नॉर्थच्या वर आहे. नागपूरवाल्याने हे दोनदा समजावून घेतलं आणि मग दोन्ही हात जोडले.

मॅगिलिगन पॉइंटला पोचायचा रस्ता सरळसोट सपाट, वाटेत तुरुंग, लष्कराची चांदमारीची जागा, लाल बावटे, आणि रस्ता संपतो तिथे वाळूत एक गोल ठेंगणा बुरूज. नेपोलियन येईल म्हणून बांधलेला. नेपोलियन आला नाही. उन्हाळ्यात इथून पलीकडे एक फेरीबोट चालते, गाड्यासुद्धा नेते, पंधरा मिनिटांत ग्रीनकॅसल. मार्चमध्ये बंद, नुसता धक्का होता आणि वेळापत्रकाची रिकामी फ्रेम. बरंच झालं म्हणा.

गाडीचं दार उघडलं तेवढ्यात माझा फोन वाजला, मेसेज, आयर्लंडमध्ये आपलं स्वागत आहे, इथले रोमिंगचे दर अमुक. पलीकडच्या टॉवरने पकडला होता. माझा फोन डब्लिनकरच्या देशात होता आणि मी इथे वाळूत.

समोर पलीकडे गाव अगदी स्वच्छ दिसत होतं, घरं, बंदर, मासेमारीच्या बोटी. मधलं पाणी जोरात समुद्राकडे ओढलं जात होतं, ओहोटी असावी. या पाण्याबद्दल एक गोष्ट मला तिथून आल्यावर कळली. जमिनीवरची सीमा पक्की आहे, पण लॉख फॉयलमध्ये ती नेमकी कुठून जाते हे अजून दोन्ही सरकारांचं ठरलेलंच नाही, फाळणीला शंभर वर्षं उलटून गेली तरी.

चार वाजून दहा मिनिटांनी कॉल आला. "पोचलो. धक्क्यावर आहे. पिवळं जॅकेट."

आम्ही सहाजण एका रांगेत उभे राहिलो आणि हात हलवायला लागलो. पलीकडे पिवळा ठिपका दिसला, त्यानेही हात हलवला. सिव्हिलवाली उड्या मारायला लागली. मी फोनमध्ये ओरडले, "दिसलास!"

"अगं मी अजून हात वरच केला नाही."

ते मासेमारीचं बंदर. निम्म्या लोकांच्या अंगावर पिवळे रेनकोट. कोणीतरी भला कोळी आम्हाला हात करत होता आणि आता त्याच्या शेजारचाही करायला लागला.

"मी त्यांच्या डावीकडे आहे," डब्लिनकर.

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"थांबा, जॅकेट काढतो." मग एक पिवळा ठिपका लहान होऊन परत मोठा झाला, गोल गोल फिरायला लागला, तो हा. बाकी काही नाही, चेहरा नाही, उंची नाही, नुसतं फिरणारं जॅकेट. कॉलेजात वर्गाच्या दारातून बाहेर यायची खूण म्हणून तो असाच रुमाल फिरवायचा. मी हे कोणाला सांगितलं नाही. नागपूरवाल्याने डल्सचं रिकामं पाकीट फिरवलं, तिसरीने ओढणी, वाऱ्याने ती दादाच्या तोंडावर जाऊन बसली.

मग बोलायला कोणाकडे काही नव्हतं. थंडी आहे का तिकडे, आहे, इकडेपण आहे. जेवलास का. असाइनमेंट कधी आहे. पाण्यापलीकडच्या माणसाशी फोनवर बोलताना त्याच्याकडे बघत राहायचं असतं की फोनकडे हे कळत नाही, मी दोन्हीकडे बघत होते.

"ऐक," तो म्हणाला. "थांब एक मिनिट. स्पीकरवर टाक आणि गप्प राहा सगळे." त्याने रूममेटला काहीतरी सांगितलं. फोनमधून गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा, फाटक्या आवाजात.

आम्ही गप्प होतो. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता. एक, दोन, तीन असे आकडे सिव्हिलवाली पुटपुटत होती, आणि चारवर, पाण्यावरून, अगदी बारीक पण खरा, तोच हॉर्न परत आला. दोनदा.

"आला?" फोनमधून.

"आला," मी म्हटलं. "परत वाजव."